उणे आलेला निळा

समुद्रातून वर येणारा निळा प्रकाश थोडा असेल, अगदी नावापुरता असेल, पण शून्याच्या खाली तो जाऊ शकत नाही. माझ्यासमोरच्या पडद्यावर मात्र विजयदुर्गपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्यालगतचे पिक्सेल ४१२ नॅनोमीटरच्या, म्हणजे निळ्या-जांभळ्या तरंगलांबीच्या, बँडमध्ये सरळ उणे दाखवत होते. उणे ०.००१२, उणे ०.०००८, असे. आणि नेमक्या त्याच पट्ट्यात क्लोरोफिलचा नकाशा लालभडक. म्हणजे तिथे वनस्पती प्लवकांचा मोठा बहर आलाय, असं सॉफ्टवेअरचं म्हणणं. महिना जानेवारी, अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस कॅमेऱ्याने दुपारी दीडच्या सुमाराला टिपलेली प्रतिमा, ढगाचा मागमूस नाही.

मी तेव्हा गोव्यात एका प्रकल्पावर सहायक म्हणून नुकतीच लागले होते. काम सांगायला सोपं होतं: कारवार ते रत्नागिरी या पट्ट्यातल्या समुद्ररंगाच्या प्रतिमा घ्यायच्या, त्यांतून वातावरणाचा भाग काढायचा आणि क्लोरोफिलची महिनावार मालिका तयार करायची. माझं एमएस्सी भौतिकशास्त्रात. समुद्राशी नातं देवगडच्या आजोळापुरतं. वातावरण काढायचं म्हणजे प्रतिमेवरचा धूसरपणा पुसायचा, फोटो उजळ करतात तसं काहीतरी, एवढीच माझी कल्पना होती.

ती पहिल्याच आठवड्यात मोडली. अ‍ॅक्वा सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून खाली बघतो. समुद्रावर असताना त्याच्यापर्यंत जो निळा प्रकाश पोचतो त्यातला साधारण नव्वद टक्के पाण्याला स्पर्श करून आलेलाच नसतो, किंवा पृष्ठभागावरून नुसता परतलेला असतो. तो हवेचा असतो. पाण्यात शिरून, प्लवकांना आणि गाळाला भेटून परत आलेला प्रकाश उरलेल्या दहा टक्क्यांत. कधी त्याहूनही कमी. आंब्याच्या पेट्या लादलेला टेम्पो वजनकाट्यावर घालायचा, रिकाम्या टेम्पोचं वजन वजा करायचं आणि आंब्याचं वजन सांगायचं. पण रिकामा टेम्पो कुणी कधी तोललेलाच नाही, त्याचं वजन त्याच्या चाकांकडे बघून ठरवायचंय. आमचं काम हे आहे. उपग्रहाच्या मोजमापात एक टक्का चूक असली की पाण्याच्या आकड्यात ती दहा टक्के होऊन उतरते. म्हणूनच हवाई बेटांपैकी लानाईजवळ ‘मोबी’ नावाचा तरंगता प्रकाशमापक १९९७ पासून उभा आहे. तिथल्या स्वच्छ पाण्यातून निघणारा प्रकाश तो मोजतो आणि त्यावरून आकाशातल्या कॅमेऱ्यांचे गुणक जुळवले जातात.

वजाबाकी टप्प्याटप्प्याने चालते. पहिला टप्पा हवेच्या रेणूंचा. रेणूंनी विखुरलेला प्रकाश हा सगळ्यांत मोठा भाग आणि सगळ्यांत आज्ञाधारकही. लॉर्ड रॅले यांनी दिलेला नियम असा की तरंगलांबीच्या चौथ्या घाताने तो कमी होत जातो. म्हणून ८६५ नॅनोमीटरच्या तुलनेत ४१२ नॅनोमीटरला तो जवळजवळ एकोणीसपट. सूर्य कुठे, उपग्रह कुठे, समुद्रसपाटीवर हवेचा दाब किती आणि वारा किती, एवढं कळलं की हा भाग आधी तयार करून ठेवलेल्या तक्त्यांतून निघतो. वारा कशाला, तर पाण्याचा पृष्ठभाग किती खडबडीत आहे हे त्यावरून ठरतं. मग ओझोन, जो हिरव्या ते नारिंगी भागात थोडा प्रकाश खातो. मग लाटांच्या माथ्यावरचा पांढरा फेस. मग पाण्यावरची सूर्याची चकाकी, जिच्यासाठी कॉक्स आणि मंक यांनी १९५४ साली वाऱ्यावरून लाटांच्या उताराचं जे सूत्र दिलं तेच आजही वापरतात.

चकाकीपुरतं एक सांगायला हवं. मोडिस तिरका होत नाही, सरळ खाली बघतो. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य आपल्या डोक्यावर येऊ लागला की प्रतिमेच्या मधोमध एक रुंद पांढरा पट्टा पडतो आणि तिथलं सगळं बाद. आपल्या ओशनसॅट उपग्रहावरचा ओसीएम हा समुद्ररंग कॅमेरा भर दुपारी बाराला जातो, पण तो वीस अंशांनी पुढे-मागे कलता येतो. चकाकी चुकवण्यासाठीच ही सोय केलेली आहे.

हे सगळं करतं नासाचं सीडॅस हे मोफत मिळणारं पॅकेज, आणि त्यातली एल-टू-जेन ही आज्ञा. काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची, सोबत पन्नासेक पर्यायांची फाईल द्यायची, आणि पाच मिनिटांच्या उड्डाणाची एक प्रतिमा दळून येईपर्यंत वाट बघायची. सुरुवातीला मी फक्त शेवटचा नकाशा उघडायचे. आमच्या मॅडमनी एकदा मागे उभं राहून पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, शेवटचं पान वाचून काय कळणार? मधली प्रतिमा काढ.”

मधली प्रतिमा म्हणजे फक्त रेणूंचा भाग वजा केलेली, लाल-हिरवा-निळा जोडून केलेली रंगीत प्रतिमा. ती मला आजही अंतिम नकाशापेक्षा जास्त आवडते. निळं पांघरूण निघालेलं असतं आणि खाली जे उरतं ते ओळखू येतं. खाड्यांच्या तोंडाशी गाळाचे तपकिरी पंखे. त्यांना कडा असते, भोवरे असतात, आणि किनाऱ्याशी ते थांबतात. धुरक्याला कडाच नसते. ते सह्याद्रीच्या पायथ्यापासून निघून जमिनीवरही तेवढंच आणि पाण्यावरही तेवढंच पसरलेलं असतं. किनारपट्टीची रेघ त्याच्या खिजगणतीत नसते. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर वाहणारे मतलई वारे जमिनीवरचा धूर आणि धूळ समुद्रावर नेऊन टाकतात, वर थंडीतली उलटी तापमानरचना, म्हणजे खाली गार आणि वर ऊबदार हवा, त्यावर झाकण घालते. हे पट्टे किती लांब जातात हे १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये झालेल्या इंडोएक्स मोहिमेने जगापुढे मांडलं होतं: उपखंडातलं धुरकं हिंदी महासागरावर शेकडो किलोमीटर आत सापडलं.

तर, विजयदुर्गसमोरच्या त्या प्रतिमेत तपकिरी पंखाही होता आणि करडा पडदाही. दोन्ही एकाच जागी. माझा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

रेणू वजा झाले की उरतात हवेत तरंगणारे सूक्ष्मकण: समुद्री मीठ, धूळ, धूर, काजळी. यांचा हिशोब आधी मांडून ठेवता येत नाही, कारण ते रोज बदलतात. इथे जी युक्ती वापरतात ती साधी आणि धीट आहे. लालच्या लगेच पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त बँडमध्ये पाणी प्रकाश फार लवकर गिळतं. ८६५ नॅनोमीटरचा प्रकाश शुद्ध पाण्यात दोन-तीन वितींत संपतो. म्हणजे खुल्या समुद्रावर या बँडमध्ये पाणी काळं. तरीही उपग्रहाला तिथे उजेड दिसला, तर तो सूक्ष्मकणांचाच. असे दोन बँड घ्यायचे, मोडिसमध्ये ७४८ आणि ८६९, त्यांचं गुणोत्तर काढायचं. गुणोत्तर मोठं असेल तर कण बारीक, धुरासारखे. एकाच्या जवळ असेल तर कण जाडे, मिठासारखे. त्यावरून कणांचा नमुना निवडायचा आणि निळ्यापर्यंत त्याची रेघ ओढत न्यायची. गॉर्डन आणि वांग यांनी १९९४ मध्ये ही पद्धत बसवली, सीविफ्स हा समुद्ररंग कॅमेरा १९९७ मध्ये वर गेला तो तिच्या भरवशावर. निंबस-७ वरच्या पहिल्या समुद्ररंग कॅमेऱ्याला, १९७८ ते १९८६ या काळात, या कामासाठी असा जोडबँड नव्हता. ६७० च्या एकट्या लाल बँडवर सगळी भिस्त. आज नमुनेही वाढलेत. २०१० पासून नासाच्या साखळीत ऐंशी आहेत, हवेतल्या आर्द्रतेच्या आठ पायऱ्या आणि प्रत्येकीत बारीक-जाड कणांची दहा मिश्रणं.

रेघ अवरक्तात दोन बिंदूंवर टेकलेली आणि आपल्याला हवं आहे ते साडेचारशे नॅनोमीटर लांब, निळ्यात. टेकू जरा हलला की दुसरं टोक किती हलेल याचा अंदाज यावा.

आता कोकण किनारा घ्या. इथे युक्तीचा पहिला टेकू मोडतो, कारण पाणी काळं नाही. खाडीतून आलेला गाळ अवरक्तातही प्रकाश परतवतो. सॉफ्टवेअर त्या उजेडाला सूक्ष्मकण समजतं. बरं, नुसतं जास्त समजतं असंही नाही. गढूळ पाणी ८६९ पेक्षा ७४८ मध्ये जास्त, जवळजवळ दुपटीने उजळ असतं. त्यामुळे गुणोत्तर फुगतं, आणि गाळ धुराचा वेष घेऊन पुढे येतो. बारीक कणांचा नमुना निवडला जातो, रेघ निळ्याकडे चढत जाते, आणि वजा करायला नको तेवढं वजा होतं. निळा उणे.

दुसरा टेकू धुरक्याने मोडतो. काजळी प्रकाश नुसता विखुरत नाही, शोषतेही. पण अवरक्तात शोषण्यासारखं फारसं काही नसतंच. तिथे रेणूंचा प्रकाश नगण्य. निळ्यात मात्र हवा रेणूंच्या प्रकाशाने भरलेली असते आणि काजळीचा थर त्यातला वाटा खातो. म्हणजे प्रत्यक्षात उपग्रहापर्यंत निळा कमी पोचलेला असतो आणि आपण मात्र काजळी नाहीच असं धरून पूर्ण वजाबाकी करतो. निळा पुन्हा उणे. धुराचा थर जितका उंच तितकी ही चूक मोठी, आणि थराची उंची अवरक्ताच्या दोन बँडना कळत नाही.

दोन वेगळे गुन्हेगार, गुन्हा एकच, आणि परिणामही एकच. क्लोरोफिल काढताना निळ्या आणि हिरव्याचं गुणोत्तर घेतात. निळा घटला की क्लोरोफिल वाढलेलं दिसतं. म्हणजे जिथे गाळ किंवा धूर, तिथे खोटा बहर. माझ्या मते उणे आकडा हे यातलं नशीब. तो निदान ओरडतो. त्याच्याहून घातक ते पिक्सेल ज्यांचा निळा निम्म्यावर आलाय पण शून्याच्या वर आहे. ते सगळ्या चाळण्यांतून निमूट पार होतात आणि महिन्याच्या सरासरीत जाऊन बसतात. हैदराबादहून इन्कॉइस ही सागरी माहिती देणारी संस्था मच्छीमारांसाठी संभाव्य मासेमारी क्षेत्रांची जी सूचना देतं, मराठीतही, ती पाण्याचं तापमान आणि क्लोरोफिल या दोहोंवरून. तापमानाची साथ असते म्हणून बरं. एकट्या क्लोरोफिलवर जानेवारीत कुणी होडी हाकली तर ती धुराच्या मागे जाईल.

गुन्हेगार वेगळे करायचे तर काय करावं? मॅडमनी मला थेट उत्तर दिलं नाही. त्यांनी कालनिर्णय आणून टेबलावर ठेवलं. “उधाण कधी, भांग कधी, बघ.” अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीचा पल्ला मोठा, ओढ जास्त, तळाचा गाळ वर येतो, अष्टमीच्या आसपास पाणी त्या मानाने निवळ. धुराला तिथीशी देणंघेणं नाही. मग मी प्रतिमा तिथीप्रमाणे लावल्या. उधाणाच्या दिवशी उणे पट्टा खाड्यांच्या तोंडाशी फुगायचा, भांगाला आकसायचा. तो गाळाचा. पण त्याच्या बाहेर, खोल पाण्यावर, एक फिकट घट उरायचीच, तिथी कोणतीही असो. किनाऱ्यापासून पश्चिमेला सरळ रेघ मारून आकडे काढले तेव्हा लाल बँडमधला गाळाचा खुणेचा उजेड काही किलोमीटरांतच विरलेला दिसला, निळ्यातली घट मात्र उथळ समुद्रबूड जमिनीच्या कडेपर्यंत, जिथून पाणी २०० मीटरहून खोल होतं तिथपर्यंत, रेंगाळत होती. दोनशे मीटर खोल पाण्यात तळचा गाळ कोण ढवळणार? तो धूर.

गाळावर उपाय आहे. आणखी लांब तरंगलांबीकडे जायचं. १२४० नॅनोमीटरचा प्रकाश पाण्यात सेंटीमीटरभरात संपतो, २१३० चा तर मिलिमीटरभरही टिकत नाही. तिथे चिखलाचं पाणीसुद्धा काळं. वांग आणि शी यांनी २००७ मध्ये मोडिससाठी हे बसवून दाखवलं. मधला १६४० चा बँड खरं तर सोयीचा होता, पण अ‍ॅक्वावर त्याचे बहुतेक डिटेक्टर निकामी आहेत, म्हणून १२४० आणि २१३०. मी आधी खंभातच्या आखातावर चालवून बघितलं, कारण तिथे चूक इतकी मोठी की सुधारणा झाली तर लपणार नाही. भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जाणारं, सदा गढूळ असणारं ते पाणी. नेहमीच्या पद्धतीने अर्धं आखात रिकामं येतं. नव्या बँडनी ते भरलं. गाळाच्या रेघा, प्रवाहाच्या वाटा, सगळं उमटलं. त्या दिवशी मला खरंच वाटलं, झालं काम.

आपल्या पट्ट्यावर तसं झालं नाही. वाघोटणच्या मुखाशी, जैतापूरच्या खाडीत, खाली काळी नदीसमोर, सुधारणा चांगली. पण जरा आत समुद्रात गेलं की नकाशावर मीठ शिंपडल्यागत ठिपके. हे बँड मुळात जमीन आणि ढग बघायला केलेले. काळ्या समुद्रावर त्यांच्यात संकेत कमी आणि खरखर जास्त, आणि ती खरखर निळ्यापर्यंत ओढल्यावर वाढते. म्हणून गढूळ पिक्सेलना लांबचे बँड, बाकीच्यांना जवळचे, अशी अदलाबदल करायची. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. दोन्ही जिथे भेटतात तिथे मात्र नकाशावर शिवण दिसते, आणि ती शिवण बघून दरवेळी कुणीतरी विचारतं, ‘इथे प्रवाह आहे का?’

किनाऱ्याची झाडीही छळते. जमिनीवरची हिरवाई अवरक्तात झगझगीत. हवेतून तिचा उजेड शेजारच्या पाण्याच्या पिक्सेलमध्ये सांडतो, आणि तोही सूक्ष्मकण म्हणून मोजला जातो. पहिले दोन-तीन पिक्सेल मी सरळ सोडून देते.

धुराचं काय, हे बघायला बोटीवर जावंच लागलं. हातात धरायचा सनफोटोमीटर सूर्यावर रोखायचा, छिद्रातून येणारा ठिपका बरोबर मधोमध धरायचा, आणि बोट हलत असताना आकडे घ्यायचे. जानेवारीत सकाळी ५०० नॅनोमीटरला हवेची प्रकाशीय जाडी, म्हणजे सूक्ष्मकण किती प्रकाश अडवतात त्याचं माप, ०.४ च्या आसपास निघे. खुल्या समुद्रावरच्या स्वच्छ हवेत ती ०.१ च्या घरात असते. बारीक कणांचा वाटाही मोठा. सोबत पाण्याचा रंग मोजायचा. रेडिओमीटर उभ्यापासून चाळीस अंशांवर खाली रोखायचा, सूर्यापासून एकशे पस्तीस अंश बाजूला वळून, म्हणजे स्वतःची सावली आणि चकाकी दोन्ही चुकतात. मग तेवढ्याच कोनात आकाश. मग राखाडी पाटी. पाण्याच्या मोजमापातून आकाशाच्या प्रकाशाचे २.८ टक्के वजा. पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन-तीन मीटरवर उभं राहूनही आकाश वजा करावंच लागतं, हे मला फार गमतीचं वाटलं.

आमचे तांडेलकाका विजयदुर्गचे. पहिल्या दिवशी माझी पाटी-कॅमेऱ्याची कसरत बराच वेळ बघून म्हणाले, “काय गो बाय, पाण्याचो रंग बगूक येवढो खटाटोप? माका इचार ना.” विचारलं. त्यांनी हात करून दाखवलं: इथून तिथवर खाडीचं, त्याच्या पलीकडे निवळ. आमच्या तपकिरी पंख्याची कडा त्यांच्या हाताच्या आसपासच निघाली. पलीकडच्या निवळ पाण्यात पांढरी तबकडी सोडली तर ती बरीच खोलपर्यंत दिसत राहिली. पाणी गाळलं, कागदी गाळण्या अंधारात थंड ठेवून परत आणल्या, अ‍ॅसिटोनमध्ये क्लोरोफिल उतरवलं. बहर वगैरे काही नव्हतं. उपग्रहाचा आकडा कितीतरी पट जास्त होता, त्याच दुपारी, त्याच जागी.

तुलनेचेही नियम आहेत. बोटीच्या आणि उपग्रहाच्या वेळेत तीन तासांपेक्षा जास्त अंतर नको. एका पिक्सेलवर विसंबायचं नाही, भोवतालचा पाच बाय पाचचा चौकोन घ्यायचा, आणि त्यात फार चढउतार असेल तर ती जोडी टाकून द्यायची. इतक्या अटी पाळल्यावर हातात उरतात त्या जोड्या मोजक्याच. धुरक्याच्या दिवसांतल्या तर आणखी कमी, कारण दाट धुरक्यात सॉफ्टवेअर स्वतःच हात टेकतं आणि पिक्सेलवर ‘एटीएमफेल’चा, म्हणजे वातावरणाची वजाबाकी फसल्याचा, झेंडा लावतं.

या झेंड्यांवरून आणखी एक विपरीत गोष्ट कळली. फेब्रुवारी ते मे या काळात आपल्या किनाऱ्यासमोर ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्म प्लवकाचे खरे बहर येतात, पाण्यावर तवंगासारखे तरंगणारे. तरंगता बहर अवरक्तात उजळ. सॉफ्टवेअरला तो कधी ढग वाटतो, कधी वातावरणाचा हिशोब जुळत नाही म्हणून झेंडा लागतो, आणि तो पुसला जातो. म्हणजे जानेवारीतला धुराचा बहर नकाशात राहतो आणि मार्चमधला खराखुरा जातो. मार्चचे पुसलेले पिक्सेल मी आता मधल्या प्रतिमेत एकेक उघडून बघते. निमुळत्या लांब रेघा वाऱ्याच्या दिशेने लावलेल्या दिसल्या की समजायचं.

काजळीवर तयार उपाय मोडिसच्या बँडांत नाही. शोषणारे कण आहेत हे कळण्याची खूण निळ्यातच असते, आणि निळाच तर आपल्याला शोधायचाय. एक पर्याय पॉलिमर नावाच्या पद्धतीचा होता. ती फ्रान्समधली, २०११ ची. तिच्यात अवरक्तापासून रेघ ओढत नाहीत. सगळे बँड एकदम घेऊन वातावरणासाठी एक गुळगुळीत वक्र आणि पाण्यासाठी एक जैविक नमुना, दोन्ही मिळून बसवतात. चकाकीत ती फार छान चालते, एप्रिलमधला मधला पांढरा पट्टा तिने बराचसा परत मिळवून दिला. धुरक्यावर चालवली तेव्हा सगळे उणे आकडे गेले. आमच्याकडचा एक जण खूश होऊन म्हणाला, हीच वापरूया. मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. पाण्याचा नमुना मुळातच शहाणा असल्यामुळे उत्तर कधी वेडंवाकडं येत नाही, पण म्हणून ते बरोबर आहे असं होत नाही. आमच्या बोटीच्या मोजक्या जोड्यांशी ताडून बघितलं: निळा सावरलेला, क्लोरोफिल तरीही जास्त. शिवाय आता कुठे संशय घ्यायचा याची खूणही गेलेली. चुकायचंच असेल तर दिसेल असं चुकणारी पद्धत मला परवडते.

मग आम्ही काय दिलं? यावर मॅडमचं आणि माझं बरेच दिवस जुळेना. माझं म्हणणं, धुरक्याचे पिक्सेल काढून टाका, जानेवारीचा नकाशा भोकाभोकांचा झाला तर होऊ दे. त्यांचं म्हणणं, काढून टाकलेला आकडा पुन्हा कुणाला तपासता येत नाही, उद्या चांगली पद्धत आली तर त्यांनी तुलना कशाशी करायची? शेवटी फाईलमध्ये दोन थर ठेवले. एकात आकडा, जसा निघाला तसा, उणे असेल तर उणे. दुसऱ्यात संशयाचं कारण, अंकात: १ गाळ, २ धुरकं, ३ चकाकी, ४ ढगाची किंवा जमिनीची कडा, ५ तरंगता बहर. एकाच पिक्सेलला दोन कारणं असतील तर दोन्ही. विजयदुर्गसमोरच्या त्या जानेवारीच्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी १ आणि २ एकत्र आहेत. पहिल्या वापरकर्त्याने, मत्स्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने, दुसरा थर न उघडताच आलेख काढला आणि ‘कोकणात हिवाळी बहर’ असं शीर्षक देऊन पाठवला. तेव्हापासून दुसरा थर उघडल्याशिवाय पहिला वाचताच येणार नाही, अशी फाईल केली आहे. तक्रारी येतात. येऊ देत.

सध्या पेसचा डेटा हाताळतेय. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला हा उपग्रह अतिनील भागातल्या ३४० नॅनोमीटरपासून बघतो. तिथे रेणूंचा प्रकाश आणखी दाट, त्यामुळे काजळीने खाल्लेला वाटा ठसठशीत दिसायला हवा. सोबत प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजणारी दोन उपकरणंही आहेत. रेणूंचा भाग वजा करून ३६० ची प्रतिमा काढली तर दृश्य प्रकाशात पांढुरकं दिसणारं धुरकं तिथे खरंच गडद येतं. गाळ आणि धूर एका प्रतिमेत, तिथी न बघता, वेगळे करण्याची ही पहिली संधी. त्यासाठी जमिनीवरून मोजलेल्या जोड्या हव्यात, त्याही उधाणाच्या आणि भांगाच्या दोन्ही दिवसांतल्या. तांडेलकाकांना सांगून ठेवलंय. भांगाला कधीही ये म्हणाले. उधाणाचे दिवस मात्र त्यांच्या जाळ्यांचे, तेव्हा ते मला नेतील ते जाळी टाकून झाल्यावर, त्यांच्या वाटेने, आणि डिझेलचे पैसे आधी.